यादीतली सतरावी ओळ

कुबातबेक वकील खटला जिंकले. नारीन शहरातलं वडिलांचं घर, आतल्या सगळ्या चीजवस्तूंसह, धाकट्या तालायला मिळालं. पण निकाल लागलाच नाही असं आपण धरून चालू. वकीलसाहेबही तसंच धरून चाललेत.

तिथल्या रिवाजानं वडिलांचं घर धाकट्याचंच, हे खटल्यामागून खटल्यात कोर्टाला सांगण्यात त्यांची तीस वर्षं गेली. या घराची यादी झाली तेव्हा ते तिथल्याच चुलीजवळ चहा पीत बसले होते. यादीत पेटी एक, लोकरी नमद्याची जाजमं चार, आणि सतराव्या ओळीत ‘वकील, एक, चालू स्थितीत’. खाली त्यांचीच सही, सवयीनं न वाचता केलेली.

निकाल लागल्यावर त्याच घरात आनंदाचा चहा संपवून त्यांनी कोट मागितला.

"अहो, यांना बाहेर कुठे काढताय?" तालायची बायको नवऱ्याला म्हणाली. "उन्हानं खराब होतील."

"तालाय, थट्टा पुरे," वकील म्हणाले.

"कोर्टाच्या शिक्क्याची थट्टा मी करेन होय, साहेब?" तालाय अदबीनं म्हणाला.

वकिलांनी यादी तीनदा वाचली. कायद्यानं तिच्यात एकही खोट नव्हती.

चार वाजता त्यांची बायको जिपार आली. दुकानातली वस्तू पाहावी तसं तिनं त्यांना निरखून पाहिलं, खांद्यावरची धूळ झटकली आणि तालायच्या बायकोला विचारलं, "छान आहे गं. बोलतो पण?"

"बोलतो. आता कमी झालंय."

वकिलांनी अर्ज लिहिला: ‘अर्जदारास यादीतून वगळावे. ते शक्य नसल्यास दर रविवारी त्याची त्याच्या पत्नीशी नव्याने ओळख करून देण्यात यावी, ही नम्र विनंती.’