निळ्यात पिवळा

परीक्षक साहेब, तुम्ही बक्षीस दिलंत खरं, पण प्रेमदासचं चित्र तुम्ही पाहिलंच नाही!

नालवाडीत ज्याच्या त्याच्या दारावर गणपती रंगवून देणारा हा माणूस. छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव रंगवणं सोडलं. मनाने ऐकलं, पण हात ऐकेना. ब्रश टेकला की सोंड वळायचीच. देव वगळला तर रंगात उरतं काय, हे शोधत त्याने वर्षभर कागद खराब केले.

"हे त माह्या पोतेऱ्यावानी दिसते," बायको जिजाबाई म्हणायची.

"तसंच दिसाले पाह्यजे!"

शेवटी एक चित्र जमलं. सगळा निळा रंग आणि त्यात विरघळत गेलेला पिवळा. त्याने ते उलटं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, जिजाबाईलाही तपासायला लावलं. कुठेच सोंड नव्हती! तेव्हा कुठे तो ते वर्ध्याच्या प्रदर्शनात घेऊन आला.

तुम्ही चित्रासमोर बराच वेळ थांबलात. मग तुम्ही चपला काढल्यात आणि हात जोडलेत.

"साक्षात केळझरचा गणपती! आणि सोंड न काढता दाखवलात! पहिलं बक्षीस तुमचंच."

प्रेमदासने बक्षिसाचा नारळ तुमच्याच टेबलावर परत ठेवला.

 

"साहेब, कागद कोराच टांगला असता, त कोन्ता देव दिसला असता तुमाले? सांगा!"