फ्रीजरमधला ससा

लेकीला दमा आणि धुळीची ॲलर्जी, म्हणून तिचा कापडी ससा अधूनमधून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शेजारीच, तसल्याच पिशवीत, माझा डब्याचा मटारभात. सकाळच्या धांदलीत एक पिशवी उचलली आणि ऑफिस गाठलं. दुपारी मायक्रोवेव्हपुढे उघडते तर आत ससा!

मागे रांगेत साहेब. म्हणाले, "घ्या गरम करून, संकोच करू नका."

ससा नसला की पोरगी रडते, आणि रडली की तिला धाप लागते. घरी नवऱ्याला फोन लावला.

"अरे, ससा माझ्याकडे आलाय! ती झोपली का?"

"केव्हाच! मी न बघताच पिशवी हातात दिली. तुझ्या भाताला मिठी मारून झोपलीय."

"आणि धाप?"

"तिला नाही. पण तिनं भाताला आपला मास्क लावून दम्याचा पंप दिलाय. म्हणाली, 'बाबा, हा किती गार पडलाय, आता खोकणार.' हसू नकोस. दुसरा डोस मी द्यायचाय, बजावून झोपलीय."