भजनाच्या आडून

"मासळी घावली तरी एरवी वायरलेसवर बोलू नकोस, सगळ्या होड्या ऐकतात. पोशाकाका भजन सुरू करतील तेव्हाच भावाला सांग," असं बाबा बजावून गेले होते. काका गायला लागले की जो तो सेटचा आवाज बारीक करी.

आज मोरेश्वरच्या होडीखाली सुरमईचा थवा होता, आणि काका गप्प.

"काका, आज भजन नाही?"

"कशाला आठवण करतोस, मेल्या?" कुणीतरी मध्येच कळवळलं.

"घसा बसलाय. आणि ऐकतंय कोण?" काका म्हणाले.

"मी. उद्या घरी येऊन समोर बसून ऐकतो, देवाशप्पथ."

काकांचा घसा तत्काळ मोकळा झाला. भावाचा सोडून सगळे सेट बारीक झाले, आणि भजनाखालून मोरेश्वरने त्याला जागा सांगितली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर सुरमईचा लिलाव रंगात आला, तेव्हा मोरेश्वर हातपाय धुऊन गुपचूप काकांच्या घराकडे निघाला.