काळा-पांढरा दोरा

आमच्याकडे, रशियाशेजारच्या माळरानात, मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात आणि ज्याच्यासारखी चाल मुलाला यावी, त्याच्या हातून तो कापून घेतात. गावात हा मान माझ्या बायकोचा होता. ती गेल्यापासून तिचा दोरा आणि कात्री माझ्या खिशात असतात. अमेरिकेकडे माणसं नेणारं यान उरलं नव्हतं, म्हणून तिथली अंतराळवीर लॉरेन रशियाच्या यानातून त्यांच्या रोदियोनबरोबर अवकाशात गेली आणि सहा महिन्यांनी दोघं आमच्या माळावर उतरले. तोवर दोन्ही देशांचं बोलणं बंद झालं होतं. वजनाविना राहून त्यांचे पाय चालणं विसरले होते, म्हणून यानातून माणसं उचलून आणणाऱ्या आमच्या तुकडीने करागांडाच्या विमानतळावर त्या दोघांना खुर्च्यांत बसवलं. समोर तिचं विमान होतं, दाराशी तिची छोटी मुलगी. "मला उचलून नेलेलं तिला दिसता कामा नये. मी चालत जाईन," लॉरेन म्हणाली. मी तिच्या पायांना दोरा बांधला, रीत सांगितली आणि विचारलं, "कोण कापेल, पोरी?" तिने रोदियोनकडे बोट केलं. "आजोबा, मलाच उभं राहता येत नाही," तो म्हणाला. "आणि सरकार विचारेल, अमेरिकेला चालायला कोणी शिकवलं?" "सांग, तुझे तरंगणारे मोजे सहा महिने पकडून आणणाऱ्या बाईला शिकवलं," ती म्हणाली. कात्री त्याला देताना माझी बोटं लवकर सुटली नाहीत. त्याने दोरा कापला. ती उठली, तिला सावरायला तोही उठला आणि एकमेकांचे दंड धरून दोघं झोकांड्या देत निघाले. मुलगी धावत आली आणि काहीतरी ओरडली. लॉरेन हसत सुटली. "आजोबा, ही म्हणतेय, आई, तू अगदी या काकांसारखी चालतेयस."