आत्याच्या आवाजाची डिस्क

घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज गेला, तो कायमचाच. मुलांसाठी तिनं आयुष्यभर वाचलेल्या गोष्टी तेवढ्या स्टुडिओतल्या सामायिक डिस्कवर उरल्या होत्या. आणि आज सकाळपासून ती डिस्क एकाही कॉम्प्युटरवर दिसत नव्हती.

भाची नेटवर्कचीच कामं करायची. तिनं वायरी बदलल्या, पासवर्ड पुन्हा टाकून पाहिला, सगळी मशिनं बंद करून चालू केली. आत्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती.

"आता डिस्कच बंद करून बघू," म्हणत भाचीनं डिस्कच्या पेटीचा प्लग काढला. पेटीवरचे दिवे विझले, आतला पंखा घरघरत थांबला.

तेवढ्यात स्पीकरमधून आत्याचा आवाज आला. "पुन्हा लावू नकोस."

प्लग भाचीच्या हातात तसाच राहिला. "आत्या, हे कुठल्या गोष्टीतलं वाक्य आहे गं?"

आत्यानं नकारार्थी मान हलवली. असलं काही तिनं कधी वाचलंच नव्हतं.

"तिला काय विचारतेस?" आवाज म्हणाला. "माझ्याशी बोल."

भाची मागे सरकली. आत्या मात्र उठली. जन्मात तिनं कुणाची अरेरावी ऐकून घेतली नव्हती, स्वतःच्या आवाजाची तर मुळीच घेणार नव्हती. तिनं भाचीच्या हातातून प्लग हिसकावला आणि सॉकेटमध्ये गच्च दाबला. दिवे लागले. पडद्यावर डिस्क दिसली.

आत्या स्पीकरवर वाकली आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, 'चल, ये परत.'

स्पीकरच्या आत कुणीतरी श्वास रोखून धरला.