चौदावा नंबर

ती जुनी कादंबरी बायकोची फार आवडती. तिच्यात शेवटी नायिका घर सोडून जाते. इतक्या वर्षांनी दुसरा भाग आला, पण वाचनालयात एकच प्रत आणि यादीत बायकोचा नंबर चौदावा. "ती परत येते का, एवढं कळलं की बास," असं ती म्हणायची. म्हणून दर शनिवारी सुतारकाम आटोपून मी विचारायला जायचो.

आज गेलो तर तेराव्या नंबरच्या बाई पुस्तक परत करत होत्या.

"माफ करा हं, पाच आठवडे ठेवलं. सोडवेचना! दोनदा वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं. ऐंशीच्या आहेत, पण टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"घ्या दादा, आला एकदाचा वहिनींचा नंबर," ग्रंथपाल हसले. "आता माझं डोकं खाणं बंद करा."

मी बाईंना विचारलं, "ती परत येते का हो?"

"सांगू? मजा जाईल सगळी."

"सांगा."

"येते. सगळे जेवायला बसलेले असतात आणि ही दारातूनच विचारते, माझं ताट कुठंय?" सांगताना बाईंचे डोळे भरून आले.

ग्रंथपालांनी पुस्तक पुढे केलं. मी बायकोचं कार्ड काढून त्यावर ठेवलं. ते रद्द करायला आलो होतो. ती मंगळवारी गेली. त्या सकाळीसुद्धा तिनं तेच विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "शनिवारी सांगतो."