कापलेला चौकोन

चौकोन पाहिला आणि सर मटकन खालीच बसले.

कालपर्यंत पाण्याच्या टाकीमागे तिथे गुडघाभर रान होतं. चार खुंट्या, त्यांना सुतळी, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. वनस्पतिशास्त्राचे हे सर सहा वर्षं दर साली येऊन त्या सुतळीच्या आत किती जातींची रोपं उगवतात ते मोजायचे. गेल्या वर्षी अडतीस भरल्या होत्या. आज चार वाजता बागेच्या समितीची बैठक. आकडा टिकला तर टाकीमागची जागा वाचणार, घसरला तर तिथे गाड्या लागणार. आणि चौकोनाची तर कुणीतरी चक्क हजामत केलेली!

"कुणी केलं हे?"

"मीच की," बागकाम करणाऱ्या मावशी हौसेने पुढे आल्या. "सर येणार म्हणून कळलं. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस गचपणात बसणार का? तुमच्या सुतळीला धक्का लावला नाही हं. आतलं तेवढं विळ्याने काढलं."

सरांना रडूच यायचं बाकी राहिलं. ओरडणार तरी कुणावर? "मावशी, मला तेच मोजायचं होतं हो. आता बैठकीत काय दाखवू, माझं कपाळ?"

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई!" मग त्या चौकोनाशी उकिडव्या बसल्या. "पण बुडखे आहेत ना जागेवर. लिहा तुम्ही."

"बुडख्यांवरून? ना पान, ना फूल!"

"लिहा हो. ही चौकोनी कांडीची. ही चिकाची, बघा, अजून पाझरतेय. ही चोळली की काकडीचा वास येतो. हिला खालून काटे, वरून साळसूद."

नाव एकीचंही माहीत नव्हतं त्यांना. पण बोट टेकलं की ओळख पटलीच. सर पालथे पडून भिंगातून बघत, मान डोलवत आणि वहीत शास्त्रीय नाव लिहीत. अकरा झाल्या, वीस झाल्या. दुपारी अडतिसावी लागली तेव्हा सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि वही मिटली.

"मिटताय काय? या दोन तुम्ही एकच धरल्यात."

"एकच आहे ती, मावशी. सहा वर्षं बघतोय मी."

"बघताय हो. उपटून कुठे पाहिलीत? ही अल्लद येते. ही बया हात सोलून काढते."

सरांनी भिंग लावलं. एका बुडख्यावर बारीक लव होती, दुसरा गुळगुळीत. त्यांच्या अंगावर काटा आला. वर्गात मुलांना शिकवलेलं, छापून आलेलं, सगळं चुकलं होतं आणि त्यांना आनंद आवरत नव्हता. अशा आणखी दोन जोड्या मावशींनी सोडवून दिल्या. एक्केचाळीस!

"मावशी, हात जोडतो तुम्हाला," सर म्हणाले. "केवढा जीव आहे तुमचा या रानावर!"

"जीव?" मावशींनी चिरा पडलेली, हिरवीगार बोटं त्यांच्यापुढे धरली. "अहो, बावीस वर्षं गुलाबांच्या वाफ्यांतून उपटतेय मी यांना. एकही मेली हरली असेल तर शपथ!"